खरं नाव

भारतीय बाईचं नाव फिलोमिना असेल तर ते तिच्या घराण्यावर कुणीतरी लादलेलं असणार, अशी माझी पक्की समजूत होती. मी नाशिकची. आमच्याकडे मंदा, सुमन, शैला. बाकीची नावं परकी. हीच समजूत घेऊन फरीदाबादला आले. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी राबून उभ्या केलेल्या एनआयटी भागात राहूनही ती ढळली नाही.

शेजारच्या ब्लॉकमधल्या केरळच्या फिलोमिना नर्सताईंना मी एकदा विचारलं, "तुमचं खरं नाव काय?"

"हेच. माझ्या आजीचं होतं."

त्यांचा पडलेला चेहरा पाहिला आणि कळलं, की मी नाव विचारलंच नव्हतं. तुम्ही अस्सल नाही, एवढंच तोंडावर सांगितलं होतं.

मग त्या नावामागे लागले. मूळ ग्रीक, अर्थ 'जिच्यावर प्रेम केलं जातं ती'. 1802 साली रोमच्या प्रिस्किला भुयारी दफनभूमीत एका कोवळ्या मुलीची हाडं सापडली. थडगं बंद करणाऱ्या तीन फरशांवरची अक्षरं जुळेनात. पहिली फरशी शेवटी नेली तेव्हा वाचता आलं: शांती असो तुला, फिलुमेना. एवढ्यावर संत म्हणून तिची भक्ती युरोपभर पसरली, भारतातही आली. म्हैसूरचं भव्य चर्च तिच्याच नावाचं. 1961 साली कॅथलिक चर्चने तिचा सण दिनदर्शिकेतून काढून टाकला. नाव मात्र राहिलं, कारण ते घराघरांतून नातींकडे गेलं होतं.

तरीही माझी समजूत खऱ्या अर्थाने फुटली ती नाशिकला गेले तेव्हा, आमच्या पांडवलेण्यांत. तिथलं 17 क्रमांकाचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने, म्हणजे यवनाने, आईवडिलांसाठी खोदवलं, असं शिलालेख सांगतो. ग्रीकांना तेव्हा यवन म्हणत. त्याच्या बापाचं नाव धम्मदेव, मुलाचं धम्मरखित. पाहुण्यांना हे मी किती अभिमानाने सांगत आले: बघा, यवनांनीही आपली नावं घेतली! या खेपेला मात्र बोलता बोलता थांबले. इंद्राग्निदत्ताचं 'खरं' नाव काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. परका माणूस आपलं नाव घेतो तेव्हा ती त्याची श्रद्धा. आपली बाई परकं नाव घेते तेव्हा तिची फसवणूक. माझा आक्षेप परकेपणाला नव्हताच. नावाने माझ्या दिशेने यावं, एवढाच हट्ट होता. हे लिहितानाही मला शरम वाटते आहे.

परत आल्यावर मी नर्सताईंची माफी मागितली. "सगळेच विचारतात," त्या म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या नाही." मला हलकं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. मला हलकं वाटलं नाही.