कोशू-काइदोवरचे वळण

टोकियोला जाऊन आलेला मराठी माणूस काय सांगणार, हे आता घरोघरी पाठ झाले आहे. गाड्या घड्याळ लावून सुटतात, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, आणि फुजी पर्वत नेमका त्या दिवशी ढगांत होता! हे सारे मीही पाहिले, फुजी तेवढा सोडून. पण मला सांगायचे आहे ते एका रस्त्याविषयी. प्रवासी सहसा तिकडे फिरकत नाहीत, कारण तिथे पाहण्यासारखे म्हणतात तसे काही नाही.

रस्त्याचे नाव कोशू-काइदो. टोकियोला एदो म्हणत त्या काळी या शहरातून पाच राजमार्ग निघत, त्यांतला हा एक. डोंगरापलीकडच्या कोफूकडे जाणारा. आपल्याकडे जुन्या वाटांवर कोसाकोसाला खुणा असत, तशी इथे दर ‘री’ला, म्हणजे सुमारे चार किलोमीटरला, मातीची टेकाडे रचून त्यांवर झाडे लावलेली असत. वाटसरूला अंतर कळे आणि सावलीही मिळे. आज शिंजुकूपासून पश्चिमेला निघावे, तर डोक्यावर बराच वेळ मोटारींचा उंच पूल सोबत करतो. दोन्ही बाजूंना दुकाने, पेट्रोलपंप आणि दारात सायकली लावलेली घरे. आपल्या एखाद्या महामार्गाला न्हाऊमाखू घालून इस्त्री केली, तर तो असा दिसेल.

२१ ऑक्टोबर १९६४ रोजी दुपारी एक वाजता ऑलिंपिकच्या मॅरेथॉनचे धावपटू राष्ट्रीय क्रीडांगणातून निघाले आणि याच रस्त्याने चोफू गावाकडे पळाले. ते क्रीडांगण आता नाही. ते पाडून त्या जागी २०१९ साली नवे उभे राहिले. रस्ता मात्र आहे, आणि चोफूच्या तोबिताक्यू भागात, जिथून ते सारे मागे वळले, तिथे त्या वळणाचे छोटेसे स्मारकही आहे.

त्या धावपटूंत इथिओपियाचा अबेबे बिकिला होता. चार वर्षांपूर्वी, १९६० साली, रोमच्या रस्त्यांवर अनवाणी धावून त्याने सुवर्णपदक जिंकले होते. सम्राट हैले सेलासींच्या रक्षकदलातला हा शिपाई. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच. तिथल्या विरळ हवेत वाढलेल्या आणि पळालेल्या माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी अधिक असतात. त्यावर ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाची शिस्त.

पण टोकियोच्या शर्यतीआधी सराव करतानाच त्याच्या पोटात दुखू लागले. निदान झाले अपेंडिसायटिसचे, आणि १६ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. म्हणजे शर्यतीला उरले अवघे पस्तीस दिवस. आपल्या घरी कुणाचे असे ऑपरेशन झाले, तर पस्तिसाव्या दिवशी आपण त्याला पाण्याची बादलीही उचलू देत नाही!

बिकिला आठवड्याच्या आत इस्पितळातून बाहेर पडला, टोकियोला आला आणि या वेळी पायांत बूट घालून धावला. आरंभी ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क आणि आयर्लंडचा जिम होगन पुढे होते. विसावा किलोमीटर यायच्या आत बिकिलाने दोघांना मागे टाकले. म्हणजे तोबिताक्यूच्या वळणावर तो पहिला पोचला, आणि पुढचा अर्धा रस्ता एकटाच पळाला. वेळ २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद, तोवरची जगातली सर्वोत्तम. दुसरा, इंग्लंडचा बेसिल हीटली, चार मिनिटांनी आला. तोपर्यंत बिकिला मैदानातल्या हिरवळीवर व्यायाम करीत होता. ऑलिंपिकची मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

ही कथा मला सांगितली माझ्या भाच्याने. तो निशीकासाईत राहतो. तिथे भारतीयांची वस्ती एवढी, की कोथिंबिरीची जुडी मिळाल्याचे कुणाला नवल वाटत नाही. भाचा संगणकाच्या कामात आणि मॅरेथॉनच्या नादात. मी गेलो तेव्हा त्याच्या नडगीच्या हाडाला बारीकशी चीर गेली होती आणि डॉक्टरांनी दोन महिने पळणे बंद केले होते. शर्यत आली होती सहा आठवड्यांवर. सूनबाईने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितले, “मामा, तुम्हीच काहीतरी बोला त्यांच्याशी. पहाटे चोरून बूट घालतात.”

म्हणून आम्ही दोघे केइओ लाइनच्या गाडीने तोबिताक्यूला गेलो. त्या स्मारकापाशी उभे राहून भाच्याने आपला मुद्दा मांडला. “मामा, पोट फाडल्यावर हा माणूस पस्तीस दिवसांत जग जिंकतो. माझी तर नुसती चीर आहे.”

“तुझा बिकिला १९६४ लाच थांबला का रे?” मी म्हणालो. “मेक्सिकोचे काय झाले?”

त्याला ठाऊक होते. न सांगण्याएवढे ठाऊक होते! १९६८ साली मेक्सिकोला हाच बिकिला पायाच्या हाडाचे दुखणे घेऊन उतरला आणि सोळा-सतरा किलोमीटरनंतर त्याला शर्यत सोडावी लागली. सुवर्णपदक त्याच्याच देशाच्या मामो वोल्डेने मिळवले. माणूस तोच, जिद्द तीच. मग फरक कशात?

फरक दुखण्याच्या जातीत आहे. वर्षानुवर्षे कमावलेले हृदय आणि फुप्फुसे थोड्या विश्रांतीने रिकामी होत नाहीत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रक्तातला द्रव थोडा घटतो, दम लवकर लागतो, पण सराव सुरू होताच ते बरेचसे भरून येते. उलट, कसून सराव केलेल्या शरीराला शर्यतीआधी विसावा हवाच असतो. बिकिलाचे बिघडलेले अपेंडिक्स काढून टाकले होते. पाय आणि हृदय शाबूत होते. हाडाचे तसे नाही. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार तेच झेलते, आणि ते आपल्या सवडीनेच सांधते. तोवर पोहावे, सायकल चालवावी, छातीचा भाता चालू ठेवावा. पण नडगीला तिची रजा द्यावी.

भाचा काही बोलला नाही. मग मी त्याला कोकिची त्सुबुराया आठवतो का, असे विचारले. जपानच्या सैन्यातला हा तरुण त्या दिवशी क्रीडांगणात दुसरा शिरला, आणि हजारो देशबांधवांच्या डोळ्यांदेखत शेवटच्या फेरीत हीटलीने त्याला गाठले. कांस्यपदक मिळाले. त्या ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धांतले जपानचे ते एकमेव पदक. पण मेक्सिकोत याहून मोठे पदक आणायचे, हे ओझे त्याच्या खांद्यावर बसले. पाठीच्या दुखण्याने शस्त्रक्रियेपर्यंत पाळी आली. शरीर पूर्ववत होईना. जानेवारी १९६८ मध्ये, सत्तावीस वर्षांच्या त्सुबुरायाने आपले जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात आईवडील, भाऊ-वहिन्या, साऱ्यांचे त्याने आभार मानले आहेत. नववर्षाला खाल्लेले रताळ्यासारख्या कंदाचे कालवण, सुकवलेली फळे, तांदळाची मोची गोड लागली, असे एकेक सांगितले आहे. आणि आता आपण फार दमलो आहोत, धावू शकत नाही, असे लिहिले आहे. कावाबाता यांच्यासारख्या साहित्यिकाने ते पत्र गौरवले. मी वीस वर्षे मुलांना वाङ्मय शिकवतो. त्या खाण्याच्या यादीइतके कारुण्य मला क्वचितच कुठे भेटले आहे. ‘दमलो आहे’ हे त्याला आधी, जिवंतपणी, कुणापाशी म्हणता आले असते तर!

बिकिलाच्याही नशिबी पुढे सुख नव्हते. १९६९ च्या मोटार अपघाताने त्याचे पाय कायमचे गेले. पण १९७० साली इंग्लंडमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून त्याने तिरंदाजीच्या स्पर्धेत भाग घेतला. पाय नाहीत तर हात आहेत, हा त्याचा हिशेब. १९७३ साली तो वारला, वय अवघे एकेचाळीस.

तिथून आम्ही जिंदाइजीच्या देवळाकडे गेलो. तिथल्या सोबा शेवया प्रसिद्ध आहेत. खाता खाता भाच्याने खिशातून फोन काढला आणि शर्यतीच्या कचेरीला नाव मागे घेत असल्याचे कळवले. मग दोन मिनिटे तो गप्प होता. मी माझ्या वाटीतली भजी त्याच्या वाटीत टाकली.

“मामा, सोमवारपासून पोहायला जातो,” तो म्हणाला.

घरी हे कळताच सूनबाईने पहिले काम केले ते बूट माळ्यावर टाकण्याचे. विश्वास असावा, पण बूट हाताशी नसावेत!