मनातले कपकेक

खरं सांगा, शेवटचा कपकेक तुम्ही स्वतःच्या पैशांनी कधी घेतला होता? टीम लीडच्या बर्थडेला फुकट मिळालेला धरायचा नाही. मॉलमधल्या त्या काचेच्या शोकेसमध्ये ओळीनं बसलेले असतात बघा. गुलाबी, जांभळे, पिस्त्याच्या हिरव्या रंगाचे, डोक्यावर क्रीमचा मनोरा चढवलेले. एकाची किंमत शंभर-दीडशे रुपये आणि चार घासांत खल्लास! आधी फोटो, मग वरचं क्रीम आणि मग लक्षात येतं की खालचा केक कोरडाठाक आहे. तोपर्यंत कार्ड स्वाइप झालेलं असतं.

तर, हा लाड खरंच पैसे टाकण्याच्या लायकीचा आहे का? याचं उत्तर शोधायला मी गेले पारोळ्याला. हो, जळगाव जिल्ह्यातलं पारोळा. हसू नका, कारण होतं.

माझी मावसबहीण तिथे राहते. बी.कॉम. झालेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अख्ख्या देशाबरोबर तीही व्हिडिओ बघून बेकिंग शिकली. फरक इतकाच की बाकीच्यांनी ओव्हन पुन्हा माळ्यावर टाकला, हिनं केकच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. आता तिला बाजारपेठेत एक गाळा मिळत होता. तिथे फक्त कपकेकचं दुकान काढायचं तिनं ठरवलं होतं. डिपॉझिटसाठी मोडायची होती ती तिच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी. मावशी म्हणे, "मुळीच नाही." ही म्हणे, "माझ्याच नावावर आहे ना?" दोघींचं बोलणं बंद झालं आणि मला फोन आला. "ताई, तू पुण्यात इतकी दुकानं बघतेस. खरं सांग, इथे चालेल का गं?"

एका कपाची गोष्ट

कपकेक काही नवा नाही. कपात भाजायचा म्हणून किंवा सगळं साहित्य कपानं मोजायचं म्हणून ते नाव पडलं. अमेलिया सिमन्स या अमेरिकन बाईंनी १७९६ मधल्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात छोट्या कपांत भाजायचा केक दिला होता. म्हणजे हा मुळात घरातल्या ओट्यावरचा पदार्थ. आपल्या आज्या वाटीनं मोजायच्या, त्यांच्या आज्या कपानं.

त्याला ग्लॅमर आलं ते न्यूयॉर्कमध्ये. तिथली मॅग्नोलिया बेकरी १९९६ मध्ये सुरू झाली. २००० मध्ये 'सेक्स अँड द सिटी'मधल्या मैत्रिणी तिथे बसून कपकेक खाताना दिसल्या आणि दुकानाबाहेर रांगा लागल्या. २००५ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये स्प्रिंकल्स नावाचं दुकान निघालं, तिथे विकायला फक्त कपकेक. क्रम्ब्ज नावाची साखळी तर २००३ मध्ये एका दुकानापासून सुरू होऊन २०११ मध्ये थेट शेअर बाजारात पोचली. आणि जुलै २०१४ मध्ये तिनं आपली सगळी दुकानं एका फटक्यात बंद केली! पुढे नव्या मालकांनी काही उघडली, पण ते वारं गेलं ते गेलंच. मॅग्नोलिया मात्र टिकली, २०१९ मध्ये बंगळुरूलाही आली. तिच्याकडे कपकेकशिवाय बनाना पुडिंगसारखं बरंच काही विकायला होतं, हे लक्षात ठेवा.

आणि आपल्याकडे? कागदी वाटीतला इराण्याचा मावा केक म्हणजे दुसरं काय? मुंबईत ग्रँट रोड स्टेशनसमोर १९१४ मध्ये सुरू झालेल्या बी. मेरवानचे मावा केक सकाळीच संपायचे. त्यावर ना क्रीम, ना चेरी. तरी लोक झोपमोड करून जायचे.

डेस्टिनेशन पारोळा

सुरत-नागपूर हायवेवर, धुळ्याहून जळगावकडे निघालं की तासाभरात पारोळा येतं. हा हायवे पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न आहे. गावाच्या मधोमध भुईकोट किल्ला आहे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ मध्ये बांधला. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी गावाचं जुनं नातं. राणी लक्ष्मीबाईंचा दत्तक मुलगा दामोदरराव याच घराण्यातला. आज खंदक, बुरूज आणि त्यांना चिकटून बाजार, असा सगळा मामला आहे. बाहेर मोबाइल कव्हर आणि भाजी, आत तीनशे वर्षांचा दगड. मला हा कॉम्बो जाम आवडला.

मी गेले ती वेळही खास होती. आखाजी! म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. पण खानदेशात ती फक्त सोनं घेण्याच्या जाहिरातींपुरती नसते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि घराघरात आमरसाबरोबर पुरणाचे मांडे. ऊनही तसंच खमकं. दुपारी पारा त्रेचाळीसच्या पुढे होता.

या उन्हातच कपकेकचा पहिला धडा मिळाला. बहीण खऱ्या बटरचं क्रीम करते. बटर बत्तीस ते पस्तीस अंशांना वितळतं. म्हणजे पारोळ्यातल्या एप्रिल-मेमध्ये बटरक्रीमचं आयुष्य ओव्हनपासून अंगणापर्यंत. तिनं सहा कपकेक सजवून टेबलावर ठेवले आणि वीज गेली. वीस मिनिटांत सगळ्या मनोऱ्यांचे जिने झाले!

मग शहरातले मनोरे दिवसभर ताठ कसे उभे राहतात? एसी तर आहेच, पण बऱ्याच ठिकाणी ते क्रीम दुधाचं नसतंच. वनस्पती तेलापासून केलेलं 'व्हिप टॉपिंग' असतं ते. स्वस्त, पांढरंशुभ्र, सहज न ढासळणारं. बेकायदा काही नाही त्यात. खाद्यपदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादाही आली आहे. मुद्दा एवढाच की टॉपिंग खायचं आणि बटरचे पैसे मोजायचे, हे काही बरोबर नाही.

बहिणीचा कपकेक बिनअंड्याचा, कारण गावात बहुतेक ऑर्डरी तशाच येतात. चव? सुंदर. मऊ, लोण्याचा वास असलेला, बेताचा गोड. किंमत पन्नास रुपये. शेजारच्या आजींना दिला तर त्यांनी आधी उलटसुलट करून पाहिला. "हाई कितलाले शे, बेटा?" किंमत ऐकल्यावर म्हणाल्या, "इतलामा ते किलोभर साखर येस!" मग दोन घासांत संपवला आणि पुढचा शेरा, "गोड ते शे, पन पोट कोठे भरस?"

मार्केट रिसर्च म्हणतात तो हाच.

पीठ तुमचं, भट्टी आमची

दुसऱ्या दिवशी बहिणीबरोबर एका जुन्या बेकरीत गेले. इथे अजूनही लोक पीठ, तूप, साखर घरून घेऊन येतात आणि नानकटाई भाजून नेतात. बेकरीवाला पैसे घेतो ते फक्त मळण्याचे नि भाजण्याचे, किलोच्या हिशेबानं. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावांत ही पद्धत होती, काही ठिकाणी आहे. तुपात भेसळ आहे का, हा प्रश्नच नाही. तूप तुमचंच!

आणि ही नानकटाई आली कुठून? सुरतेत डच लोकांसाठी चालणारी एक भट्टी पुढे पारशी कारागिरांकडे आली आणि तिथून नानकटाई निघाली, असं सांगितलं जातं. म्हणजे याच हायवेच्या दुसऱ्या टोकाहून. परदेशी बिस्किटाला आपलं तूप आणि वेलची लागली आणि ते आपलं झालं. मग कपकेकनं काय घोडं मारलंय? बहिणीचंही नेमकं हेच म्हणणं होतं आणि मला ते पटलं.

खापरावरचा मांडा

'मनातले मांडे खाऊ नकोस' हे आपण सगळ्यांनी घरी ऐकलेलं असतं. पण खरा मांडा होताना किती जणांनी पाहिलाय? आखाजीच्या आदल्या दिवशी मावशीच्या ओळखीच्या एका काकूंकडे मी तो पाहिला. त्या ऑर्डरी घेतात.

चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं. कणीक तिंबून तिंबून रबरासारखी केलेली. उंड्यात त्याच्याहून जास्त पुरण भरायचं. थोडं थापून ते हातावर घ्यायचं आणि मग दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत फिरवत वाढवत न्यायचं. ना पोळपाट, ना लाटणं! बघता बघता तो मांडा चादरीएवढा पातळ होतो आणि अलगद खापरावर जातो. फाटत नाही. उतरवला की रुमालासारखी घडी. आमरस, वर तूप, सोबत झणझणीत रशी आणि कुरडया. अर्ध्या मांड्यात मी गार.

काकूंच्या मनगटांपासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते. एका मांड्याचे त्या साठ रुपये घेतात. मी तिथे असतानाच शहरातून माहेरी आलेली एक ताई वीस मांडे न्यायला आली. हातात ब्रँडेड पर्स. म्हणाली, "काकू, वीस घेतेय, पन्नासनं लावा ना." काकूंनी लावले. मला विचाराल तर तेव्हा मला राग आला तो त्या ताईचा कमी आणि आपल्या सगळ्यांचा जास्त. कपकेकच्या काउंटरवर "दीडशेचा एकशेवीसला द्या" असं कोण म्हणतं? तिथे आपण टिप ठेवतो.

काकूंची मुलगी नर्सिंग करतेय. मांडे शिकलीस का, विचारलं तर म्हणाली, "येतात मला. पण आयुष्यभर हा धूर नको." तिला कोण काय म्हणणार?

आता हिशेब

रात्री गच्चीवर आम्ही दोघी वही घेऊन बसलो. बहिणीच्या एका कपकेकचं साहित्य साधारण पंचवीस रुपयांचं, त्यात सगळ्यात महाग बटर. कागदी कप आणि खोका पाच. उरले वीस. गाळ्याचं भाडं आठ हजार, वीज तीन हजार. म्हणजे फक्त भाडं आणि वीज सुटायला महिन्याला साडेपाचशे कपकेक, रोज अठरा. स्वतःला दहा हजार तरी सुटावेत म्हटलं तर रोज पस्तीस, सुट्टी न घेता. सध्या तिचे आठवड्याला चाळीसच्या आसपास जातात. आणि एप्रिल-मेमध्ये एसी लावायचा तर वीज आणखी.

शहरातल्या दीडशे रुपयांचं गणितही यातूनच कळलं. तिथेही साहित्य फार वेगळं नसतं. बाकी पैसे मॉलचं भाडं, एसी, शोकेस आणि रिबनचे. आणि टॅक्सचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आलाय, त्यामुळे ते कारणही आता फारसं उरलेलं नाही.

बहीण बराच वेळ वहीकडे बघत राहिली. क्रम्ब्जची गोष्ट मी तिला सांगितली. एकाच पदार्थाच्या दुकानाला लोकांचं नावीन्य पुरावं लागतं आणि ते आटलं की भाडं थांबत नाही. मांड्याला नावीन्य नको असतं, त्याला आखाजी पुरते. "म्हणजे माझे मनातलेच कपकेक," ती म्हणाली. दोन दिवस घुश्शात होती. मग तिनं गाळा सोडला, एफडी तशीच ठेवली आणि साठलेल्या पैशांतून इन्व्हर्टर घेतला. ऑर्डरी घरूनच. कपकेक आता जून ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात बिनक्रीमचा मावा केक, आणि आखाजीला काकूंच्या मांड्यांच्या ऑर्डरी तिच्या फोनवर, ऐंशी रुपये फिक्स. घासाघीस करणाऱ्याला ती गोड आवाजात 'नाही' म्हणते. मावशी-भाची खूश, मायलेकी बोलायला लागल्या.

मग घ्यायचा की नाही?

घ्या की! पण डोळे उघडे ठेवून.

बटरक्रीम आहे की टॉपिंग, हे सरळ विचारा. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर पुढे चला.

आजचा आहे का, विचारा. फ्रिजमध्ये राहिलेला केक कोरडा पडतो. वरचं क्रीम ते लपवतं.

क्रीम केकपेक्षा उंच असेल तर तो खाण्यापेक्षा फोटोसाठी जास्त आहे.

शक्य असेल तर करणाऱ्याकडून घ्या. तुमच्या सोसायटीतही एखादी होम बेकर असेलच. मागेल ती किंमत द्या, कारण त्यातला जास्त वाटा तिच्या हातात पडतो.

आणि डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा एखाद्या बचत गटाच्या प्रदर्शनात खापराचा स्टॉल दिसला, तर रांगेत उभे राहा. किंमत ऐकून "एवढे?" असं म्हणायच्या आधी त्या बाईच्या हातांकडे एकदा बघून घ्या.

जायचंय?

रेल्वेनं गेलात तर सुरत-भुसावळ मार्गावरचं अमळनेर जवळ पडतं, सुमारे वीस किलोमीटर. धुळ्याहून एसटी मिळते. आखाजीला गेलात तर मांडे, पण टोपी, गॉगल, पाण्याची बाटली मस्ट. ऊन झेपत नसेल तर नवरात्राच्या सुमारास बालाजी महाराजांच्या रथोत्सवाला जा. हिवाळ्यात गेलात तर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. किल्ला सकाळी लवकर बघा. आणि एसटीत बसण्यापूर्वी नानकटाई घ्यायला विसरू नका.