आजी, बीच कुठला?

दिवाळीचा फराळ संपला रे संपला की आमच्या ग्रुपमध्ये एकच विषय सुरू होतो – यंदा कुठला बीच? कॉलेजात खिसा रिकामा होता तेव्हा उत्तर सोपं होतं : अलिबाग, तेही एसटीने. पहिल्या पगारानंतर गोवा, मग 'गोवा फारच कमर्शिअल झालंय यार' म्हणत गोकर्ण, मग ईएमआयवर फुकेत. यंदा मात्र अमेरिकेतल्या मैत्रिणीने बॉम्बच टाकला. कोस्टा रिका! तिथला पॅसिफिकचा किनारा!

मुलगी आयटीतली, त्यामुळे नुसतं नाव टाकून ती थांबते कुठे? लगेच एक्सेल शीट आली. किनाऱ्यांची नावं उभी आणि रकाने आडवे – लाटा, गर्दी, खर्च, नाइटलाइफ, सूर्यास्त. मॅन्युएल अँतोनिओला जंगल आणि माकडं, जाकोला राजधानीपासून जवळ असल्याचा फायदा, आणि सगळ्यांत जास्त मार्क मिळवून पहिली आलेली तामारिंदो. सर्फिंग शिकायला बेस्ट, शेजारच्या प्लाया ग्रांदेवर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, शिवाय डिसेंबर ते एप्रिल पाऊस जवळपास नाहीच.

तामारिंदो म्हणजे स्पॅनिशमध्ये चिंच. आणि ही शीट माझ्या मोबाइलवर उघडली तेव्हा मी कुठे बसले होते? चिंचपाड्याला!

चिंच इकडची, चिंच तिकडची

चिंचपाडा नकाशात शोधायचा असेल तर नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. एक्स्प्रेस गाड्या धाडधाड निघून जातात, पॅसेंजर थांबते. नवापूर म्हटलं की शहरातल्या लोकांना २००६ चा बर्ड फ्लू आठवतो. जरा खवय्ये असतील तर जीआय मिळालेली नवापूरची तूरडाळ. माझ्यासाठी हे आजोळ. आजोबा रेल्वेत गँगमन होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आजी अठ्ठ्याहत्तरची, गुडघे गेलेले, पण नजर अजून गरुडाची. ती बोलते मावची, त्यात थोडं गुजराती आणि थोडं मराठी. इथे मी तिचं बोलणं सरळ मराठीत लिहितेय.

"एवढं काय बघतेस?" तिने विचारलं. मी तामारिंदोचा फोटो दाखवला. तिने मोबाइल हातात घेतला, लांब धरला, परत जवळ आणला.

"समुद्र असा निळा असतो?"

"म्हणजे? तू बघितला नाहीस?"

"कधी बघणार?"

मला खरं तर धक्काच बसला. चिंचपाड्याहून सुरत रेल्वेने साधारण सव्वाशे किलोमीटर. आजोबांना रेल्वेचे पास होते. ते वापरले गेले लग्नांना, बारशांना आणि सुरतच्या दवाखान्याला. 'चला, समुद्र बघून येऊ' असं घरात कधी कुणी म्हटलंच नव्हतं. मीही नाही. मी फुकेतहून आजीसाठी शंखांची माळ आणली होती. शंख जिथून येतात ती जागा तिला दाखवावी, हे काही सुचलं नव्हतं.

मग मी माझी एक्सेल शीट बनवायला घेतली.

शॉर्टलिस्ट

कोकण पहिल्याच फेरीत बाद झालं. नंदुरबार जिल्हा महाराष्ट्रातच असला, तरी इथून आपल्या कोकणापेक्षा गुजरातचा किनारा कितीतरी जवळ. मोठी माणसं इथे आजारी पडली तरी सुरतला जातात आणि लग्नाचा बस्ता बांधायलाही सुरतलाच. त्यामुळे शीटमध्ये आले ते दक्षिण गुजरातचे किनारे. माझे रकाने वेगळे होते : चालायचं किती, बसायला बाक आहे का, टॉयलेट आहे का. (नाइटलाइफचा रकाना डिलीट! गुजरातमध्ये दारूबंदी आहे.)

तिथल. वलसाडपासून जेमतेम पाच किलोमीटर. रेती काळी, पण जागा नीटनेटकी. जवळच साईबाबा आणि स्वामिनारायण मंदिर. फॅमिली क्राउड. माझ्या शीटमध्ये पहिला नंबर.

दांडी. नवसारीजवळ. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला तो हाच किनारा. जानेवारी २०१९ मध्ये तिथे राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक झालं. फोटो आणि इतिहास, एकात दोन कामं.

सुवाळी. हजिऱ्याच्या उत्तरेला. १६१२ मध्ये इथल्याच समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं आणि ईस्ट इंडिया कंपनीचं बस्तान बसायला मदत झाली. किनारा मोकळा, पण म्हाताऱ्या माणसाची सोय कमी.

डुमस. सुरतेपासून वीसेक किलोमीटर. काळी रेती, चिखल, गर्दी आणि नेटवर भुताखेतांच्या गोष्टी. माझ्या शीटमध्ये शेवटचा.

एका संध्याकाळी अंगणात खाट टाकून मी आजीला अख्खं प्रेझेंटेशन दिलं. आई आणि मामाही होते. मामाचं म्हणणं, एवढी दगदग कशाला, उकाईच्या बॅकवॉटरवर नेऊन आणू, तिथेही पाणीच पाणी आहे. आजीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मामा गप्प.

मग तिने मला विचारलं, "तापी यातल्या कुठे जाते?"

"कुठे म्हणजे?"

"समुद्राला कुठे मिळते?"

मी नकाशा मोठा केला. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, खानदेशातून येते, उकाईच्या धरणात थांबते, सुरत ओलांडते आणि एका बाजूला हजिरा, दुसऱ्या बाजूला डुमस, अशी मधून समुद्रात शिरते.

"मग डुमस," आजी म्हणाली. विषय संपला.

आधीच पाहिलेला सागर

आजीचं माहेर तापीकाठी होतं. 'होतं' म्हणतेय, कारण आता तिथे उकाईचं पाणी आहे. धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. पाणी गुजरातची हद्द ओलांडून आत्ताच्या नंदुरबार (तेव्हाच्या धुळे) जिल्ह्यात शिरलं आणि दोन्ही राज्यांतली कितीतरी आदिवासी गावं त्याखाली गेली. आजी तेव्हा लग्न होऊन चिंचपाड्याला आली होती. घर, शेत, नदीची वाट आणि चिंचेचं झाड जाताना तिने बघितलं नाही. नंतर एकदा भाऊ तिला दाखवायला घेऊन गेला आणि पाण्याकडे बोट करून म्हणाला, 'तिथे.' त्यानंतर ती उकाईला कधीच गेली नाही. शेत गेल्यावर भाऊ दर हिवाळ्यात बारडोलीकडे ऊसतोडीला जाऊ लागले.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांत माहीत होतं, पण कधी जोडून बघितलं नव्हतं. सरकारी कागदांवर उकाईच्या जलाशयाचं नाव आहे 'वल्लभसागर'. म्हणजे आजीने एक सागर आधीच पाहिला होता. आता तिला दुसरा बघायचा होता.

सकाळची पॅसेंजर

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही तिघी निघालो : आजी, आई आणि मी. डब्यात नागलीच्या भाकरी, उडदाची डाळ आणि लाल मिरचीची चटणी. नवापूर स्टेशन आलं की मी प्रत्येक वेळी खिडकीतून डोकं बाहेर काढते. या स्टेशनाच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते आणि फलाटावरचा एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये आहे. घोषणा चार भाषांत होतात. शहरातले लोक इथे उतरून सेल्फी काढतात. आजी म्हणाली, "१९६० च्या आधी हा साधा बाक होता."

व्यारा, मढी, बारडोली. दोन्ही बाजूंना उसाचे फड. पुस्तकात बारडोली म्हणजे सरदार पटेल आणि १९२८ चा सत्याग्रह. आमच्या घरात बारडोली म्हणजे भावाचे कापलेले हात. आजी खिडकीतून ऊस बघत होती. बोलली काही नाही.

उधन्याला उतरून गाडी केली आणि साडेबाराच्या सुमाराला डुमसला पोचलो. मी आजीचा हात धरला, किनाऱ्यावर आणलं, आणि...

समुद्र नव्हता!

म्हणजे काळाशार चिखल होता, दूरवर पसरलेला. त्याच्या पलीकडे एक चकाकणारी रेघ. बस्स. माझ्या शीटमध्ये टॉयलेटपासून बाकापर्यंत सगळं होतं, भरती-ओहोटी नव्हती. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी पाणी किती मागे जातं, ही अगदी प्राथमिक गोष्ट. आत भावनगरकडे तर भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. रडायचीच बाकी होते मी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला सव्वाशे किलोमीटर आणून चिखल दाखवला!

"गेलाय कुठे?" आजीने विचारलं.

"आत गेलाय. संध्याकाळी येईल."

"मग बसू की. एवढी वर्षं थांबले."

आम्ही बसलो. डुमसची टोमॅटो भजी खाल्ली. टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी, वर बेसन, आणि आत जीभ भाजणारा रस. आजीला आवडली नाहीत. तिने भाकरी काढली. आजूबाजूला घोडे, उंट, पतंग, सुरती फॅमिल्या, कॉलेजची पोरं. भूत एकही दिसलं नाही.

मध्येच आजी वाकली आणि मूठभर रेती उचलली. बोटांत चोळून बघितली. "ही तर आपल्याकडची."

मी हसले. पण ती बरोबर होती! डुमसची रेती काळी आहे ती आपल्या काळ्या बसाल्टमुळे. दख्खनचा, खानदेशचा दगड झिजतो, आणि तापीसारख्या नद्या त्यातली जड काळी रेती किनाऱ्यावर आणून टाकतात. हजारो वर्षं हे चाललंय. धरण झाल्यापासून बराचसा गाळ उकाईतच अडतो. म्हणजे आजीच्या मुठीतल्या रेतीत तिच्या माहेरच्या काठाचा कण असेलच, तर तो बहुधा गाव बुडण्याच्या आधी निघालेला. मी तिला हे जमेल तसं सांगितलं. तिने ऐकलं आणि मूठ पदराच्या टोकाला बांधली.

चारनंतर ती रेघ जाड व्हायला लागली. पाणी आलं ते लाटा उसळत नाही, सपाट, पसरत, घाई न करता. रंग चहासारखा. तापी, नर्मदा, मही, साबरमती असा सगळा गाळ या आखातात येतो आणि भरती तो घुसळत ठेवते, म्हणून इथे निळं पाणी नाहीच. आम्ही कडेलाच थांबलो. इथे आत जायचं नसतं. पहिलं पाणी आजीच्या घोट्यापर्यंत आलं. तिने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट."

मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "२००६ मध्ये धरणाचं पाणी सोडलं आणि सुरत बुडाली, तेव्हा टीव्हीवर चार दिवस तेच दाखवत होते. मी सगळं बघितलं. मला वाईट वाटलं त्यांचं. आमच्या वेळी टीव्ही नव्हता."

यावर मी काय बोलणार? आईने तिच्या खांद्यावर शाल टाकली. सूर्य पाण्यात गेला. मैत्रिणीच्या शीटमध्ये सूर्यास्ताला दहापैकी दहा होते. डुमसला मीही दहाच देईन.

परतीच्या गाडीत ग्रुपवर तामारिंदोच्या हॉटेलांचे फोटो येत होते. आजीने परत मोबाइल मागितला. निळं पाणी बराच वेळ बघितलं.

"पुढच्या वेळी असा निळा बघू," ती म्हणाली. "तिकडे गाडी जाते का?"

जायचंय?

कसं : सुरत-भुसावळ मार्गावरून येत असाल तर उधना किंवा सुरत. तिथून रिक्षा किंवा टॅक्सीने डुमस. मुंबईहून येणाऱ्यांना सुरत थेट.

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या दिवसाची भरतीची वेळ आधी बघा आणि तिच्या दोनेक तास आधी पोचा.

सांभाळून : चिखल फसवा आहे, भरती वेगाने येते. पोहायला हा किनारा नाही. पाय भिजवा आणि मागे या.

सोबत : घरातलं असं कुणीतरी, ज्याने समुद्र बघितलेला नाही. एकदा विचारून तर बघा. उत्तर ऐकून माझ्यासारखा धक्का बसेल.