मल्लेश्वरमच्या सावलीत

बेंगळूर पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा विधानसौध आणि लालबाग पाहून परततो. माझा मुक्काम मात्र मल्लेश्वरमला मावशीकडे होता, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील आठ दिवस मी या एका वस्तीबाहेर फारसा पडलोच नाही.

येथे वाट चुकणे कठीण. संपिगे रस्ता आणि मार्गोसा रस्ता हे दोन लांबलचक रस्ते जवळजवळ समांतर जातात, आणि त्यांना आडवे छेदणाऱ्या रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. त्यांना येथे सारे ‘क्रॉस’ म्हणतात. कोणासही पत्ता विचारा, आठवा क्रॉस, पंधरावा क्रॉस असे गणिती उत्तर मिळते. तरी ज्याने ही आखणी केली त्याला काव्याचे अगदीच वावडे नसावे; कारण संपिगे म्हणजे आपला चाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब. आज संपिगे रस्त्यावर चाफ्याहून दुकानेच अधिक दिसतात हे खरे. परंतु एखाद्या आडव्या रस्त्यात शिरावे, की गाड्यांचा गोंगाट पाठीमागे पडतो. दोन्ही बाजूंच्या जुन्या वृक्षांच्या फांद्या माथ्यावर एकमेकींत गुंतलेल्या असतात. लाल कौलांची घरे, लाकडी जाळीचे व्हरांडे, अंगणात नारळ, फाटकापुढे सडा शिंपून रेखलेली रांगोळी. मे महिन्याच्या भर दुपारी मी तेथे अनवाणी चाललो, पण पाय भाजले नाहीत.

या सावलीचे मूळ एका साथीत आहे. १८९८ साली बेंगळुरात प्लेग शिरला. जुन्या पेठेत घराला घर चिकटलेले. तेथे त्याने कहर केला. तेव्हा मोकळ्या हवेत, रुंद रस्त्यांच्या, आखीव वस्त्या वसविण्याच्या कामास जोर आला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या त्यांतीलच दोन. घरांच्या रांगांमागून अरुंद बोळही ठेवले गेले. मला प्रथम ते लपंडावासाठीच केले आहेत असे वाटले. काकांनी सांगितले, की सफाईकामगारांनी मागच्या मागे यावे आणि जावे यासाठी ते होते. पुढची सावली ज्यांच्या कष्टांवर निर्मळ राहिली, त्यांची वाट पाठीमागून होती, हे काही मला रुचले नाही.

वस्तीला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या देवळावरून. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. आज भोवती रान उरलेले नाही. देवळाच्या आवारात मात्र पिंपळाखाली नागांच्या शिळा ओळीने उभ्या आहेत, आणि तेथे बसले की शहर विसरावयास होते. समोरच नंदीतीर्थ आहे. नंदीच्या मुखातून पाणी खालच्या पिंडीवर पडते. मातीखाली गाडले गेलेले हे देऊळ १९९७ साली खोदकामात पुन्हा दृष्टीस पडले. त्याच्या वयाचे मोठमोठे आकडे भाविक सांगतात. ते मी येथे लिहीत नाही.

एके संध्याकाळी काकांनी कपाटातून एक जाड ग्रंथ काढला. राईससाहेबांनी संपादिलेल्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या मालेतील बेंगळूर जिल्ह्याचा तो खंड. त्यातील एका लेखावर बोट ठेवून ते म्हणाले, “शाळेत कन्नड शिकतोस ना? मग तूच वाच.”

आम्हा बेळगावच्या मराठी शाळांतील मुलांचे कन्नडच्या तासाशी कसे नाते असते, हे वाचकांस ठाऊक आहेच. घरात मराठी, पाटीवर कोणती भाषा यावरून गावात वाद, आणि परीक्षेत कन्नडचा पेपर! त्या भाषेची जुनी वळणे मला नीट उलगडेनात. अडखळत, काकांचे साहाय्य घेत मी पुढे सरकलो, आणि एका नावापाशी थांबलो. एकोजी! शहाजीराजांचे पुत्र, शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू, जे पुढे तंजावरचे राजे झाले तेच. शहाजीराजांची बेंगळूरला जहागीर होती एवढे इतिहासात वाचले होते. १६६९ सालच्या या लेखात एकोजींनी मल्लपुराच्या मल्लिकार्जुन देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिले आहे. मल्लपूर म्हणजेच हे मल्लेश्वरम.

मी पुन्हा पुन्हा ती ओळ पाहत राहिलो. दान देणारा भोसले कुळातला आणि दानाची भाषा कन्नड. ज्या रयतेच्या देवाला गाव दिले, तिला वाचता यावे अशाच अक्षरांत त्यांनी ते कोरविले. त्यांना यात काही अवघड वाटले असेल असे त्या लेखावरून तरी दिसत नाही. “घाटाखाली, घाटावर, तंजावरला, सगळीकडे आपली माणसे गेली ती अशीच,” मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि मी काय निराळी? येथे येऊन वीस वर्षे झाली, भाजीवालीशी मराठीत बोलून कसे चालेल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला आठव्या क्रॉसवर फुले आणावयास धाडले. तेथे पदपथावर टोपल्या मांडून फुलवाल्या बसतात आणि गजरा कोपरापासून बोटांपर्यंत हाताने मोजून देतात. या मापाला ‘मोळ’ म्हणतात. एरवी मी बोटांनी खुणा केल्या असत्या. त्या दिवशी म्हणालो, “एरडु मोळ मल्लिगे कोडि, अज्जी.”

म्हातारीने मान वर केली. “याव ऊरु?” तिने विचारले. कोणते गाव?

“बेळगावि.”

तिने दोन हात मोगरा मोजला, क्षणभर थांबली आणि चार बोटे पुढे सरकवून मग दोरा तोडला.