सकाळी गाडी गप्प सुरू व्हावी

नोव्हाय, मिशिगन
12 एप्रिल

चि. सोनू,

तू पाठवलेले फोटो काल जेवण झाल्यावर मोठ्या पडद्यावर लावून पाहिले. फ्यूजच्या खाचेतून काढलेल्या दोन वायरी, स्टिअरिंगखाली बसवलेला टॉगल स्विच, आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काचेवर लावून ठेवलेली चिठ्ठी. त्या रात्रपाळीच्या नर्स आहेत, सकाळी घरी येऊन झोपतात आणि तुझी गाडी साडेसहाला सुरू होते. तू फोनवर म्हणालीस, "मामा, स्विच खाली करायला विसरले." विसरलीस हे खरं आहे, आणि त्या एका शब्दावरच मला तुला लिहायचं आहे. फोनवर ते नीट बोलून झालं नसतं.

आधी हे सांगतो की तुझा सोस मला मनापासून कळतो. 2008 च्या कॉर्व्हेटचा आवाज ज्याला आवडत नाही, त्यानं तो नीट ऐकलेला नाही. त्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम 1-8-7-2-6-5-4-3 असा आहे. विषम आकड्यांचे सिलिंडर एका बाजूला, सम आकड्यांचे दुसऱ्या बाजूला. कागदावर लिहून बघ: डाव्या बाजूच्या नळीत येणारे चार ठोके सारख्या अंतरानं येत नाहीत. क्रँक 180 अंश फिरल्यावर एक, मग 270 वर, मग पुन्हा 180 वर, आणि शेवटचा 90 वरच. उजवीकडेही तीच अंतरं, फक्त वेगळ्या ठिकाणाहून सुरू झालेली. आपल्या मिरवणुकीत ताशा मध्येच दोन टिपऱ्या जवळ घेतो आणि मग श्वासभर थांबतो, तशी ती लय आहे. तो घुमारा कुणी मुद्दाम भरलेला नाही. तो इंजिनाच्या घडणीतूनच येतो, म्हणून कानाला खरा लागतो.

आता झडपेचं. तुझ्या गाडीला कंपनीचाच दुहेरी एक्झॉस्ट आहे. दोन्ही मफलरच्या एकेका नळीत फुलपाखरी झडप बसवलेली असते. इंजिन सावकाश चालत असताना कॉम्प्युटर एका सोलेनॉइडला वीज देतो, सोलेनॉइड इंजिनाचा व्हॅक्यूम झडपेपर्यंत पोचवतो आणि झडप मिटते. सगळा धूर मग मफलरच्या वळणावळणाच्या वाटेनं जातो. वेग वाढला, पेडल दाबलं, की सोलेनॉइडची वीज जाते, व्हॅक्यूम सुटतो, स्प्रिंग झडप उघडते आणि वाट मोकळी होते. त्या मोकळ्या वाटेमुळे कंपनीनं या एक्झॉस्टच्या गाडीची ताकद 430 ऐवजी 436 अश्वशक्ती लिहिली. झडप मिटायला वीज लागते, उघडायला लागत नाही. म्हणून फ्यूज काढला की झडप कायमची उघडी. तुझ्या टॉगलनं तेच केलं, फ्यूज काढायचा त्रास तेवढा वाचवला.

तुझ्या वायरिंगमधली पहिली चूक सोपी आहे, पण धोक्याची. तू खाचेतला फ्यूज काढलास, त्या जागी दोन वायरी घुसवल्यास आणि फ्यूज परत कुठेच बसवला नाहीस. एक वायर आता थेट बॅटरीच्या बाजूची आहे. ती डॅशबोर्डमागच्या पत्र्याच्या कडेला घासली आणि इन्शुलेशन निघालं, तर तिला अडवायला वाटेत काहीच नाही. सोलेनॉइडचा करंट किरकोळच असतो. 12 व्होल्टला 24 ओहमची कॉइल धर, अर्धा अँपिअर होतो. पण शॉर्ट झाल्यावर वायर सोलेनॉइडचा हिशेब विचारत नाही. ती बॅटरी देईल तेवढा करंट घेते.

हे मी आप्पांच्या दुकानात शिकलो. उद्यमनगरात, लेथवाल्यांच्या ओळीत आपलं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तू ते पाहिलं नाहीस, तुझ्या जन्माआधीच बंद झालं. मी नववीत असेन. एक माणूस मेटॅडोर ओढून घेऊन आला. त्याचा फ्यूज सारखा उडायचा म्हणून कुणीतरी त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली होती. आप्पांनी डॅशबोर्डखालून वायरींचा जुडगा बाहेर ओढला आणि माझ्या हातात ठेवला. लाल, पिवळी, हिरवी इन्शुलेशन वितळून एकमेकांत मिसळली होती आणि काकवीसारखी बोटाला चिकटत होती. आतलं तांबं काळं पडलं होतं. आप्पा म्हणाले, "फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो रे, वायरीला वाचवायला असतो." त्या दिवसापासून मी कुठलीही वायर हातात घेतली की आधी बघतो, हिला वाचवणारं कोण आहे आणि ते विजेच्या उगमापासून किती जवळ आहे. म्हणून तू फ्यूजच्या खाचेला हात लावू नकोस. कंपनीचा फ्यूज त्याच अँपिअरचा, त्याच जागी परत बसव. डायग्राममध्ये सोलेनॉइडची स्वतःची वायर शोध आणि तीच फ्यूजच्या पुढे तोड. त्या फ्यूजवर दुसरं काही चालत असेल तर तेही मग सुरक्षित राहील.

दुसरी चूक वायरीत नाही, रचनेत आहे, आणि मला तीच मोठी वाटते. टॉगल स्विच तू सोडशील तिथे राहतो. काल संध्याकाळी रेस ट्रॅकवरून येताना वर केलास, तर आज सकाळीही तो वरच आहे. गाडी कालच्या मनःस्थितीत सुरू होते आणि तू आजच्या. थंड इंजिन मिनिटाला हजारेक फेऱ्यांवर सुरू होतं. आठ सिलिंडरांचे एका फेरीत चार ठोके, म्हणजे सेकंदाला पासष्टच्या आसपास ठोके. इतका खालचा स्वर खिडकी मिटून थांबत नाही, तो भिंतीतून जातो. त्या बाईंनी कानात बोळे घातले असतील तरी छातीत जाणवला असेल.

यावरचा तोडगा तुला आपल्या मळ्यातच सापडेल. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठव. हिरवं बटण दाबलं की कॉइल ओढली जाते, मोटर सुरू होते, आणि बटण सोडलं तरी सुरूच राहते, कारण कॉइलनं ओढलेला एक संपर्क बटणाची जागा घेतो. लाल बटण दाबलं की बंद. आणि महत्त्वाचं म्हणजे, लाईट गेली की कॉइल सुटते, आणि लाईट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. लहानपणी रात्री दोनला लाईट यायची तेव्हा काका बॅटरी घेऊन बांधावरून चालत जायचे आणि हिरवं बटण दाबायचे. मला तेव्हा तो उगाचचा व्याप वाटायचा. पुढे कळलं की लाईट नसताना कुणी पंप उघडून त्यात हात घातलेला असू शकतो. मोटर सुरू व्हायच्या आधी एका जागत्या माणसानं तसं ठरवायला हवं, यासाठी ती व्यवस्था आहे.

तुझ्या गाडीत हेच कर. 12 व्होल्टचा एक रिले घे, पण एका कॉइलवर दोन चेंजओव्हर संपर्क असलेला. इग्निशन चालू केल्यावरच जिवंत होणारी वायर शोध, तिच्या उगमापाशीच 3 अँपिअरचा फ्यूज टाक. तिथून लाल बटण, जे एरवी जोडलेलं असतं आणि दाबल्यावर तुटतं. त्यापुढे हिरवं बटण, जे दाबल्यावरच जोडतं. त्यापुढे रिलेची कॉइल, आणि कॉइलचं दुसरं टोक अर्थला. रिलेचा एरवी उघडा असणारा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोड, तो कॉइल धरून ठेवील. दुसऱ्या संपर्काची एरवी मिटलेली बाजू सोलेनॉइडच्या तोडलेल्या वायरीत घाल. हिरवं दाबलंस की सोलेनॉइडची वीज तुटेल आणि झडप उघडेल. लाल दाबलंस की सगळं कंपनीच्या कॉम्प्युटरकडे परत. आणि इग्निशन बंद केलंस की रिले सुटेल. दुसऱ्या दिवशी गाडी कंपनीनं ठरवलेल्या आवाजात सुरू होईल, तुला आठवण राहिली असो वा नसो.

अर्ध्या अँपिअरला रिले कशाला, असं तू विचारशील. करंटसाठी नको आहेच, त्याला टॉगल पुरला असता. रिले विसरण्यासाठी हवा आहे. यातही एक गोष्ट मात्र लक्षात ठेव: सोलेनॉइडची वायर तुटली किंवा तिच्यातला संपर्क जळाला तर झडप उघडीच राहील, कारण मिटायलाच वीज लागते. म्हणून जोड पक्के हवेत.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढ. पिवळ्या रंगाच्या वायरींना आणि कनेक्टरना हात लावू नकोस, त्या एअरबॅगच्या असतात. आप्पा बल्बच्या टेस्ट लॅम्पनं सगळं तपासायचे, तू मीटरच वापर. बल्ब ओढतो तेवढा करंट कॉम्प्युटरच्या नाजूक वायरींना सोसेलच असं नाही. रिलेच्या कॉइलवर एक 1एन4007 डायोड लाव, त्याची चंदेरी पट्टी पॉझिटिव्हच्या बाजूला. कॉइलचा प्रवाह तोडला की ती क्षणभर उलटा धक्का मारते, तो डायोड गिळतो. वायर पत्र्यातून न्यायची असेल तिथे रबरी ग्रोमेट हवाच. जोडावर तू नुसती पिळून टेप लावली आहेस. ती उन्हाळ्यात सुटेल. नीट क्रिंप कर किंवा सोल्डर कर, वर हीट श्रिंक चढव आणि वायर हलणार नाही अशी बांध.

आता जे तुला आवडणार नाही ते. मिशिगनच्या वाहन कायद्यातलं 257.707 हे कलम वाच. मफलर नेहमी नीट चालू स्थितीत हवा, आणि मफलरला वळसा घालणारं कटआउट, बायपास किंवा तसलं उपकरण रस्त्यावर वापरू नये असं त्यात लिहिलं आहे. कॉम्प्युटर चालवतो ती झडप कंपनीची. ती उघडीच ठेवणारं बटण तुझं, आणि त्याची जबाबदारीही तुझी. म्हणून माझी विनंती आहे, हिरवं बटण ट्रॅकसाठी ठेव. कॅलमाझूहून साउथ हेवनचा जिंजरमन ट्रॅक तुला तासाभराच्या आत आहे. तिथे सरळ पट्टीवर झडप उघडून चौथ्या गिअरमध्ये जा आणि 180, 270, 180, 90 हे आकडे कानांनी मोज. ते ऐकण्यासाठीच ही गाडी घेतलीस ना? तिथे ते पोटभर ऐक.

त्या बाईंना भेटून ये. नुसती माफी मागू नकोस, काय बिघडलं होतं आणि काय दुरुस्त केलंस तेही सांग. दुसऱ्याची झोप मोडणारी वस्तू आपल्या हातात असली की ती कशी चालते हे त्याला माहीत असण्याचा हक्क असतो, असं मला वाटतं.

शनिवारी ये. रिले, बटणं, डायोड सगळं माझ्या गॅरेजात आहे. मामी म्हणते पिठलं-भाकरी करते. वायरिंग तूच कर, मी नुसता टॉर्च धरून बसेन. झालं की आप्पा गिऱ्हाइकाला करायला लावायचे तेच तुला करायला लावीन: हिरवं बटण दाब, आवाज ऐक, मग लाल न दाबता गाडी बंद कर. पाच मिनिटं थांब. पुन्हा सुरू कर. गाडी गप्प सुरू झाली, तर काम झालं.

तुझा,
मामा