अब्बांच्या डब्यातली नाणी

अब्बांच्या चाळिसाव्यानंतर आम्ही दोघे भाऊ आणि आपा वाटणीला बसलो. घर, बांगड्यांचं दुकान, यात्रेत लावायच्या पालाचे बांबू नि ताडपत्री, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात चांदीची अकरा आहत नाणी होती. एकेक नाणं वेगळ्या कागदाच्या पुडीत.

प्रतापगड म्हटलं की लोकांना साताऱ्याकडचा आठवतो. आमचा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. इथे महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनींच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत एकाच वाटेनं कुणी बेल घेऊन जातो, कुणी चादर. अब्बांचं पाल तिथे दरसाल लागायचं. बांगड्या भरताना खेड्यातल्या बाया पदराच्या गाठीतून कधी जुना तांब्याचा पैसा काढत. तिथूनच अब्बांना नाण्यांचा नाद लागला. ही अकरा मात्र त्यांनी नागपुरातल्या एका सराफाकडून थोडे थोडे पैसे देत घेतली होती.

आपा म्हणाली, "दुकानातलं मला काही नको. नाणी माझ्या हिश्श्यात धरा." भावाला दोन, बहिणीला एक, असे पाच भाग. नाण्यांची किंमत जितकी जास्त धरली जाईल, तितका आपाचा रोख हिस्सा कमी होणार होता. आणि किंमत ठरवायला आम्ही दोघेच बसलो, कारण अब्बांबरोबर भिंग घेऊन आम्हीच बसायचो.

आम्ही काय केलं? ज्या नाण्यावर सूर्य ठळक, षडर चक्र ठळक, ते पहिल्या प्रतीचं. जे काळपट, ते तिसऱ्या प्रतीचं. अर्ध्या तासात यादी झाली. आपाला वाचून दाखवायचीच बाकी होती.

त्या रात्री झोप आली नाही ती अब्बांच्या एका वाक्यामुळे. ते म्हणायचे, "बेटा, गड्ढे में मत देखो, मैदान देखो." लहानपणी आम्हाला ते क्रिकेटबद्दल वाटायचं.

नेहमीच्या नाण्यावर राजाचं तोंड उठावाचं असतं, म्हणून हाताळताना आधी नाक झिजतं, गाल झिजतो. डोळ्याला चटकन कळतं. आहत नाण्याचं तसं नाही. चांदीच्या पत्र्याचा तुकडा कापून त्यावर एकेक ठसा हातानं ठोकलेला. ठशाचा खड्डा पडतो आणि चिन्ह त्या खड्ड्याच्या तळाशी सुरक्षित बसतं. दोन हजार वर्षांची बोटं फिरतात ती वरच्या सपाट जागेवरून. म्हणजे नाणं झिजून पातळ झालं तरी सूर्य खाली शाबूत. दर्जा पाहायचा तर नाणं तिरप्या उजेडात धरावं, दोन ठशांमधली जागा पाहावी, खड्ड्याची कड धारदार आहे की गुळगुळीत ते पाहावं. ठसा काठाबाहेर अर्धा गेला असेल तर ती झीज नव्हे. कोपरा कापलेला असेल तर तोही दोष नव्हे, वजन जुळवायला तो मुळातच कापत.

अमेरिकेतही हे दुखणं आहे. तिथे १९०८ मध्ये बेला प्रॅट या शिल्पकारानं अडीच आणि पाच डॉलरची सोन्याची नाणी खोलगट नक्षीची केली. वरचं मैदानच सर्वांत उंच. तेव्हा एका व्यापाऱ्यानं थेट अध्यक्ष रूझवेल्टकडे तक्रार केली की खाचांत मळ साचून रोगराई पसरेल. १९२९ नंतर ती नाणी निघाली नाहीत. आजही त्यांची प्रत ठरवताना भले भले चुकतात. एक ते सत्तर अंकांची मोजपट्टी हाताशी असूनही!

डोळ्यावर भरवसा नसेल तर काटा आहे. आपल्या दामोदर कोसंबींनीही वजनावरच भर दिला. तक्षशिलेच्या आहत नाण्यांच्या वजनांवरून चलनात फिरताना चांदी किती झडते त्याचा गणिती हिशेब त्यांनी मांडला. मागच्या बाजूचे बारीक ठसे जितके जास्त, तितकं नाणं जास्त फिरलेलं, हेही त्यांनी दाखवलं. नाण्यांचा अभ्यास करणारा गणिती, म्हणून आम्हाला त्यांचं फार अप्रूप.

सकाळी ओळखीच्या सोनाराकडे गेलो. आम्ही तिसऱ्या प्रतीत टाकलेलं काळपट नाणं ३.३४ ग्रॅम भरलं. पहिल्या प्रतीचं २.९१. पूर्ण नाणं साधारण ३.४ च्या आसपास असतं. यादी उलटी झाली होती.

आणखी एक गोष्ट होती, ती काट्याला दिसत नाही. ते २.९१ वालं इतकं ठळक का दिसत होतं? अब्बा आजारी असताना त्यांना खूश करायला आम्हीच ते चिंच लावून घासलं होतं. खड्ड्यातला काळा थर निघून गेला, चिन्ह चमकलं. अब्बांनी हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, काही बोलले नाहीत. पुडी बांधून ठेवून दिलं.

आपाला सगळं सांगितलं. आधी यादी, मग वजनं, मग चिंच. तिनं विचारलं, "सोनाराकडे गेला नसतात तर?"

आम्ही खाली पाहिलं.

"काटा इथे आणा," ती म्हणाली. सोनाराकडून काटा मागून आणला. तिनं स्वतः एकेक पुडी उघडून तोललं, वहीत लिहिलं. नवी किंमत पहिल्यापेक्षा बरीच खाली आली, तेवढी रोख रक्कम तिच्या बाजूला गेली. चिंचेनं घासलेलं नाणं तिनं किमतीत धरलं नाही. ते घेऊ नकोस, आमच्याकडे राहू दे, असं आम्ही म्हणालो. तिनं तेही पुडीत बांधून डब्यात टाकलं.

"अब्बांनी ठेवलं होतं ना," म्हणाली, आणि झाकण लावलं.