हेवीचे पदक

गोष्ट घडते एका क्रमाने आणि सांगितली जाते दुसऱ्याच क्रमाने, हा अनुभव काही नवा नाही. आख्यान ऐन रंगात आले असता कीर्तनकार मध्येच थांबतो आणि नायकाच्या बालपणाची एखादी हकीकत सांगू लागतो. श्रोते निमूटपणे त्याच्या मागून जातात. कारण परतीची वाट त्याला ठाऊक आहे, असा त्यांचा विश्वास असतो. परंतु एखादी कथा बारा वर्षे चालली आणि सांगणारा वरचेवर मागेपुढे होऊ लागला, तर श्रोत्यांपैकीच एखाद्याला वाटते, की ही सारी कथा एकदा सरळ ओळीने लावून पाहावी.

‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’ या अमेरिकन मालिकेच्या बाबतीत नेमके हेच घडले. जॉर्ज लुकास यांनी १९७७ साली पडद्यावर आणलेल्या अंतराळकथेची ही एक शाखा. हिच्यातील माणसे, याने आणि ग्रहगोल संगणकावर घडवलेले आहेत. २००८ च्या ऑगस्टमध्ये एक चित्रपट निघाला आणि ऑक्टोबरपासून दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली. २०१३ साली ती थांबली; २०१४ साली आणखी तेरा भाग आले आणि अखेरचे बारा भाग २०२० साली. सुमारे बावीस मिनिटांचा एक, असे एकूण १३३ भाग झाले. आकाशगंगेतील एक प्रजासत्ताक आणि त्यातून फुटून निघालेली राज्ये यांच्यातील युद्ध हा तिचा विषय.

हे युद्ध मालिकेत सरळ रेषेत पुढे जात नाही. आज एका ग्रहावरची लढाई, तर पुढच्या आठवड्यात त्याही आधीची एखादी मसलत, अशी तिची चाल आहे. अखेर २०१४ साली खुद्द निर्मात्यांनीच घटनांच्या कालक्रमाची एक यादी प्रसिद्ध केली. तीत सर्वांत आधी येतो दुसऱ्या पर्वाचा सोळावा भाग! त्यानंतर पहिल्या पर्वाचा सोळावा, मग चित्रपट, मग तिसऱ्या पर्वाचा पहिला आणि तिसरा. एवढे सारे झाल्यावर पहिल्या पर्वाच्या पहिल्या भागाला सहावे आसन मिळते.

काही रसिकांचे समाधान एवढ्यानेही झाले नाही. ते भाग कापू लागले, जोडू लागले आणि आपल्या मनाजोगते पर्व सिद्ध करू लागले. हे हौशी संकलक आपापल्या घरी संगणकापुढे बसून हे काम करतात. काम वाटते तितके सोपे नव्हे. बहुतेक भागांच्या आरंभी एक सुविचार झळकतो आणि पाठोपाठ एक निवेदक खणखणीत आवाजात युद्धाची खबर देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी चित्रपटगृहांतून जे वार्तापट दाखवीत, त्यांचीच ही धाटणी. चार भाग सलग जोडावयाचे, तर हे निवेदन दर बावीस मिनिटांनी आडवे येते. ते काढून टाकावे, तर कथेतला एखादा महत्त्वाचा दुवा नेमका निवेदकाच्याच तोंडी असतो. चित्र एक वेळ सुखाने कापता येते. ध्वनी मात्र हट्टी असतो. एका दृश्याचे संगीत पुढच्या दृश्यात ओसंडलेले असते आणि ते मध्येच तोडले, की कानाला ठेच लागते. मग त्याचा शेवट हळूहळू मंद करावयाचा आणि सांधा झाकण्यासाठी त्यावर यानाची घरघर पसरावयाची, अशा नाना युक्त्या योजाव्या लागतात. नंतर तयार झालेल्या भागांची चित्रे अधिक रेखीव आहेत. ते भाग आरंभी आणले म्हणजे तो फरकही डोळ्यांना जाणवतो. त्यावर मात्र उपाय नाही.

मालिकेवर हक्क अर्थातच निर्मात्यांचा. म्हणून या छंदात मुरलेल्या मंडळींनी स्वतःवर दोन बंधने घालून घेतली आहेत. आपली आवृत्ती विकावयाची नाही, आणि ज्याने मूळ कृती विकत घेतलेली नाही त्याला ती द्यावयाची नाही. एवढ्याने कायद्याचे पूर्ण समाधान होते, असे मात्र म्हणता येणार नाही.

क्रम बदलल्याने खरोखर काय बदलते, हे पाहावयाचे तर हेवी नावाच्या एका सैनिकाची कथा पाहावी. प्रजासत्ताकाचे सैनिक म्हणजे क्लोन. एकाच माणसापासून घडवलेल्या त्याच्या लाखो प्रतिकृती. सर्वांचा चेहरा एक आणि आवाजही एक. त्या सर्वांना आवाज दिला आहे डी ब्रॅडली बेकर या एकाच नटाने. तरीही प्रत्येकाचा स्वभाव निराळा. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात हा हेवी एका दूरच्या ठाण्यावर नवशिका शिपाई म्हणून येतो. शत्रूचे यंत्रसैनिक ते ठाणे काबीज करतात आणि ‘सर्व ठीक’ असा खोटा संकेत पाठवीत राहतात. तो संकेत बंद पाडण्यासाठी ठाणे उडवून देणे भाग असते. परंतु दुरून स्फोट घडविण्याची कळ ऐन वेळी चालत नाही. हेवी मागे थांबतो, आपल्या हाताने स्फोट घडवितो आणि ठाण्यासह नाहीसा होतो. हा भाग २००८ साली प्रसारित झाला.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०१० साली, हेवीच्या शिक्षणाच्या दिवसांची कथा आली. तीत त्याची तुकडी परीक्षेत नापास होते आणि तो रात्री गुपचूप निघून जाऊ पाहतो. त्याला अडवतो एक वाकलेला, अकाली म्हातारा झालेला क्लोन. घडणीत दोष राहिल्यामुळे त्याच्या वाट्याला झाडलोट आली आहे. त्याला नावही नाही. सारे त्याला ‘नव्याण्णव’ या आकड्याने हाक मारतात. त्याच्या शब्दांनी हेवी माघारी फिरतो, परीक्षा उत्तीर्ण होतो आणि निघताना आपले पदक त्या नव्याण्णवच्या हाती ठेवतो.

ज्यांनी ही मालिका प्रसारणाच्या क्रमाने पाहिली, त्यांना पदक पाहताच गलबलून आले. कारण या मुलाचे पुढे काय होणार, हे त्यांना ठाऊक होते. संकलकाने क्रम बदलला, की हे पूर्वज्ञान नाहीसे होते. आता प्रेक्षक हेवीच्या आनंदात निर्धास्तपणे सामील होतो आणि स्फोटाचा घाव त्याच्यावर अचानक पडतो. दोन्ही दुःखे खरीच. पण ती एक नव्हेत. पहिले अधिक खोल आहे, आणि निर्माते कालक्रम सोडून मागे वळले म्हणूनच ते निर्माण झाले, हे मान्य करावयास हवे.

तथापि या कथेला तिसरे प्रकरण आहे, आणि तेथे नव्या क्रमाची बाजू वरचढ ठरते. हेवीचे सोबती इको आणि फाइव्ह्ज शिक्षणतळावर परत येतात, तेव्हा नव्याण्णव हेवीची चौकशी करतो. हेवी आता नाही, हे त्यांना सांगावे लागते. मूळ प्रसारणात पदक आणि ही वार्ता एकाच रात्री, लागोपाठच्या भागांत आली. कालक्रमाच्या यादीत मात्र हेवीचा मृत्यू आणि ही वार्ता यांच्यामध्ये कित्येक लढाया येतात. संकलकापुढे मोह असतो, की मधले सारे वगळावे आणि तिन्ही भाग जोडून तासाभराचा एक सुटसुटीत चित्रपट करावा. हा मोह आवरणारा संकलक अधिक जाणता. मधल्या लढाया त्याने जागच्या जागी राहू दिल्या, म्हणजे नव्याण्णव प्रश्न विचारतो तोवर प्रेक्षकही हेवीला अर्धाअधिक विसरलेला असतो. त्या म्हाताऱ्याने मात्र इतके दिवस त्याची वाट पाहिलेली असते.